‘चिमढुम’चा अर्थ

२ मार्च

आदरणीय भाऊजी,

आपण कधी भेटलो नाही. मी तुमच्या धाकट्या भावाची बायको. येत्या मेमध्ये आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली असती. हे गेले त्याला चार महिने झाले. तेव्हा तुम्हाला निरोप पाठवला होता, तुमचं काही उत्तर आलं नाही. पण भांडायला बसले नाहीये, काम वेगळं आहे.

ह्यांचं ते गाणं तुम्हाला माहीत असेलच, ‘चिमढुम ढुम’. ते कुणाला माहीत नाही! लोक अजून अर्थ विचारतात. पोस्टमन महिन्याला एखादं पाकीट टाकून जातो. मी लॉंड्रीत काउंटरवर असते, तिथेही माणसं कपडे ठेवता ठेवता विचारतात, “काय हो, ते चिमढुम म्हणजे नक्की काय?” मला काय ठाऊक! मी ह्यांना शंभरदा विचारलं असेल. हे हसायचे आणि म्हणायचे, “दादाला विचार. त्यालाच कळेल.” मला वाटायचं, टाळतायत.

आता लोकांसाठी नाही विचारत. शेवटचे आठ दिवस ह्यांची वाचा गेली होती. एकच शब्द उरला होता, आणि तो त्या गाण्यातला होता. माझ्याकडे बघून तोच पुन्हा पुन्हा म्हणायचे. डॉक्टर म्हणाले, त्याला काही अर्थ नसतो, डोक्यात जे शिल्लक राहतं ते बाहेर पडतं. असेल तसं. पण आपलं माणूस आठ दिवस आपल्याकडे बघून काहीतरी सांगतंय आणि आपल्याला कळत नाहीये, हे घेऊन पुढचे दिवस कसे काढायचे?

तुम्हाला कळत असेल तर तेवढं सांगा. मग मी पुन्हा त्रास देणार नाही.

तुमची भावजय


९ मार्च

महोदया,

आपले २ मार्चचे पत्र मिळाले. आलेल्या प्रत्येक पत्रास सातव्या दिवशी उत्तर द्यावयाचे, ही माझी जुनी शिस्त आहे. पाठवलेल्या प्रत्येक पत्राची नक्कल मी वर्षवार लावून ठेवतो. याही पत्राची ठेवली आहे.

आपले मूळ पत्र सोबत परत करीत आहे. त्यात सतरा ठिकाणी दुरुस्ती करावी लागली. यात आपला अवमान करण्याचा हेतू नाही. त्रेचाळीस वर्षे मुद्रितशोधन केलेल्या माणसाच्या हाती लाल शाईचे पेन असताना त्याने चुकीच्या मजकुराकडे नुसते पाहत बसावे, ही अपेक्षा अवाजवी आहे. आपण मायन्यात ‘भाऊजी’ असा शब्द योजला आहे. आपला-माझा तसा परिचय नाही. तो शब्द मी खोडला असून त्या जागी ‘महोदय’ सुचवला आहे.

आता मूळ विषय. त्या गाण्याला अर्थ नाही. अर्थ नसलेल्या शब्दसमूहाचा अर्थ विचारणे व सांगणे ही दोन्ही कामे सारखीच निष्फळ होत. मी ते गाणे पूर्ण ऐकलेले नाही. खालच्या रस्त्यावर मुले ‘चिमढुम’ असे ओरडू लागली, की मी खिडकी लावून घेतो. गेली तीस वर्षे हाच माझा शिरस्ता आहे.

निधनाचा निरोप मिळाला होता. त्याच्या उत्तराचा मसुदा मी पाच वेळा केला. एकही पाठवण्याजोगा झाला नाही.

आपला,
निवृत्त मुख्य मुद्रितशोधक


२० मार्च

महोदय,

घ्या, लिहिलं महोदय.

तुमचं पत्र काउंटरवरच उघडलं. आमच्या इस्त्रीवाल्यानं लाल शाई पाहिली आणि म्हणाला, “ताई, शाळेत नाव घातलं की काय?” मीही हसले. मग मागच्या खोलीत जाऊन थोडी रडले. कशासाठी रडले ते विचारू नका, सतरा चुकांसाठी नाही.

ते लाल शाईनं भरलेलं माझं पत्र तुम्हालाच परत पाठवतेय. आमच्या धंद्यात लाल शाईचा डाग सगळ्यात हट्टी. आम्ही गिऱ्हाइकाला पावतीवर आधीच लिहून देतो, निघेलच असं नाही. मग घरात कशाला ठेवू?

तुम्ही म्हणता, अर्थच नाही. मला ते पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगते. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक कपड्याला आत, कॉलरच्या मागे, दोऱ्याची खूण घालतात. दोन आडवे टाके, एक उभा, असं काहीतरी. गिऱ्हाइकाला ती दिसते, पण त्याला वाटतं शिंप्याचा दोरा राहिला. कधी कधी कापूनही टाकतात. पण धुणारा ती बघतो आणि त्याला बरोबर समजतं, हा शर्ट कुणाचा, कुठल्या गठ्ठ्यात जायचा. ज्याच्यासाठी घातली त्याला कळते. मला वाटतं, ह्यांच्या गाण्याचंही तसंच असणार. आणि हे तर रोज मला सांगत होते, कुणाला कळेल ते.

ह्यांच्याकडे आलेली पत्रं मी शर्टांच्या पुठ्ठ्याच्या खोक्यांत ठेवलीत. दोनशे बारा आहेत. तुम्हाला करमणूक म्हणून तीन पाठवते. पहिलं एका मोजणीदाराचं. तो म्हणतो, ढुम म्हणजे दहा पावलं, चिम म्हणजे डावीकडे वळा, गाण्यात जागेचा पत्ता आहे. त्यानं स्वतःच्या गावातल्या चौकापासून मोजत चालून पाहिलं, तर न्हाव्याच्या दुकानात पोचला. तरी त्याचं म्हणणं, न्हाव्याला काहीतरी माहीत आहे, तो बोलत नाही एवढंच. दुसरं निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंचं. त्यांना वाटतं हे सरकारविरुद्ध आहे, आणि गाण्यातला कू म्हणजे कोण, ते त्यांना पक्कं ठाऊक आहे, पण टपालात नाव लिहिणार नाहीत. तिसरं घड्याळजीचं. ते तुम्हीच वाचा.

हे सगळ्यांना एकच उत्तर पाठवायचे: “तुम्ही म्हणता तेच बरोबर.”

बारक्याची बायको
(हे मला सांगायचे, घरी तुम्ही त्यांना बारक्या म्हणत होतात. दुसऱ्या कुणाला ते नाव घेऊ द्यायचे नाहीत, मलासुद्धा. आज पहिल्यांदा लिहिलं.)


२ एप्रिल

महोदया,

आपल्या पत्रास उत्तर देण्यास तेरा दिवस लागले. निधनाच्या निरोपाचा अपवाद सोडता, माझी शिस्त मोडण्याची ही पहिलीच वेळ. कारण प्रकृती नव्हे, हे नमूद करतो.

आपण पाठवलेली तिन्ही पत्रे वाचली. मोजणीदाराची कार्यपद्धती स्वच्छ आहे. मात्र पाऊल कोणाचे, हे न ठरवता दहा पावले मोजणाऱ्यास मोजणीदार म्हणवण्याचा अधिकार कितपत, हा प्रश्न आहे. मुख्याध्यापिकाबाईंचे शुद्धलेखन निर्दोष आहे. घड्याळजीचे पत्र मात्र वेगळे आहे. गाण्याच्या प्रत्येक ओळीनंतर एक ठोका रिकामा आहे, त्याची पत्नी जिना चढताना प्रत्येक पायरीवर तेवढाच वेळ थांबत असे, ती गेल्यापासून तो गाणे ऐकत नाही, केवळ त्या रिकाम्या जागा ऐकतो, असे त्याने लिहिले आहे. त्यात व्याकरणाच्या नऊ चुका आहेत. मी एकही दुरुस्त केली नाही.

आपल्या पतीचे ठरावीक उत्तर मला मान्य नाही. परस्परविरोधी दोन अर्थ एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत.

मी आपल्याला मागील पत्रात खोटे लिहिले नाही, पण पूर्णही लिहिले नाही. ते आता लिहितो.

मुद्रितशोधन हे दोघांनी करावयाचे काम आहे. एकाने लेखकाचे हस्तलिखित मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने छापलेल्या कच्च्या मजकुरावर डोळा ठेवायचा. वाचणाऱ्याला शब्दांबरोबर विरामचिन्हेही वाचावी लागतात; अन्यथा छापलेला स्वल्पविराम लेखकाचा, की खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याने पदरचा घातलेला, हे कळणार कसे? परंतु ‘स्वल्पविराम’, ‘पूर्णविराम’ असे दिवसातून हजार वेळा उच्चारत बसल्यास काम पुढे सरकत नाही. म्हणून प्रत्येक जोडी स्वतःपुरते छोटे आवाज ठरवून घेते. ते शेजारच्या टेबलावरच्या जोडीलाही कळत नाहीत.

माझा वाचक बारक्या होता. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा व मी चोवीस वर्षांचा होतो. सतराव्या वर्षी मी त्याला छापखान्यात माझ्यासमोर बसवले. आमच्या जोडीत स्वल्पविराम म्हणजे चिम व पूर्णविराम म्हणजे ढुम. अर्धविरामाच्या आकृतीत दोन्ही दिसतात, म्हणून चिमढुम. ही त्याची कल्पना, आणि त्या दिवशी आम्ही दोघे हसून हसून खुर्चीवरून पडायचे बाकी राहिलो होतो. प्रश्नचिन्ह म्हणजे कू. नवा परिच्छेद म्हणजे झाय. अवतरणचिन्ह उघडले की लाला, मिटले की लीली. वाक्य संपले, की तो थांबे. छापलेले जुळत असेल, तर मी ‘हं’ म्हणत असे. माझा हं आल्यावाचून तो पुढचे वाक्य वाचत नसे. अशी अठरा वर्षे गेली. इतर जोड्या आम्हाला ‘चिमढुम मंडळी’ म्हणत.

पस्तिसाव्या वर्षी त्याने छापखाना सोडला. गाणी लिहावयाची होती. मी त्याला एक पत्र पाठवले. त्याचे उत्तर आले नाही. वर्षभराने ते गाणे आले.

आता आपल्या लक्षात येईल. जे आवाज जगात केवळ दोघांना ठाऊक होते, ते त्याने बाजारात नाचवले. माझी खोली, माझे टेबल, माझी शिस्त, यांची थट्टा पोराटोरांच्या तोंडी दिली. गेली तीस वर्षे माझी हीच समजूत आहे, आणि तो गेल्यानंतरही ती बदलण्यास काही कारण घडलेले नाही. ‘दादाला विचार’ हे त्याचे वाक्य मला त्याच थट्टेचे शेपूट वाटते.

त्याने छापखाना सोडल्यानंतर मी दुसरा वाचक घेतला नाही. मूळ डावीकडे, मुद्रित उजवीकडे ठेवून एकटाच मान फिरवत राहिलो. निवृत्तीच्या दिवशी मला दिलेल्या मानपत्रात ‘अथक’ हा शब्द दोनदा आला होता.

तथापि, मूळ प्रत न पाहता निकाल देणे माझ्या धंद्यात बसत नाही. गाण्याचा संपूर्ण मजकूर, शक्य तर त्याच्या अक्षरातला, पाठवावा. तसेच शेवटच्या आठ दिवसांतला तो शब्द कोणता, हे आपण अद्याप लिहिलेले नाही.

आपला,
मुद्रितशोधक


१५ एप्रिल

महोदय,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चिम म्हणजे स्वल्पविराम! सव्वीस वर्षं मी स्वयंपाक करताना स्वल्पविराम गुणगुणत होते आणि मला पत्ता नाही. मोजणीदाराला कळवलं तर न्हाव्याची सुटका होईल. पण नाही कळवत. त्याला तेवढाच एक विरंगुळा आहे.

हसले आणि मग वाईटही वाटलं. थट्टा असेल म्हणता. मी माझ्या नवऱ्याला ओळखते, निदान तसं मला वाटतं. तो माणूस कुणाची थट्टा करायचा तर लगेच तोंडावर करायचा, आणि मग दिवसभर वाईट वाटून घ्यायचा. तीस वर्षं पुरेल अशी थट्टा त्याला जमली नसती हो. तुमच्याबद्दल कधी वेडंवाकडं बोलले नाहीत. एकदाच, कुणीतरी छापलेल्या पुस्तकात चूक दाखवली, तर म्हणाले, “माझ्या दादाच्या हाताखालून गेलं असतं, तर हे झालं नसतं.” आणि उठून गॅलरीत गेले.

कागद पाठवते. ह्यांच्या पाकिटात असायचा, घडीवर फाटलाय, जपून उघडा. गाण्यात हेच तीनदा म्हटलंय, आणखी काही नाही.

आणि त्या रिकाम्या जागांचं सांगते. घड्याळजी म्हणतो ते खरं आहे, प्रत्येक ओळीनंतर एक ठोका काहीच वाजत नाही. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्यावरून भांडण झालं होतं म्हणे. अकॉर्डियनवाला म्हणत होता, इथे भोक पडल्यासारखं वाटतं, मी दोन सूर टाकतो. हे हटून बसले. “तिथे काही वाजवायचं नाही. ती जागा दिलेली आहे.” कुणाला दिलेली, ते सांगितलं नाही. शेवटी अकॉर्डियनवाला चिडून म्हणाला, “बरं बाबा, तुझं भोक तुला लखलाभ.” ही गोष्ट हे नेहमी सांगायचे, नक्कल करून.

आता तो शब्द. रुरू.

मी मागे लिहिला नाही, कारण लिहिला की तुम्ही म्हणाल ह्याला अर्थ नाही, आणि मग सगळं संपलं. दिवसभर पडून असायचे. संध्याकाळी भेटीची वेळ संपली की नर्स येऊन मधला पडदा ओढायला लागायची, मी खुर्चीखालची पिशवी उचलायचे, आणि तेव्हाच सुरू व्हायचं. रुरू. रुरू. नर्स म्हणायची, “काका कबुतराला बोलावतात वाटतं.” मी म्हणायचे, “हो, बोलावतात.” दुसरं काय म्हणणार? पहिले दोन दिवस तर मला वाटलं, रुरू कुणी बाई होती का काय. बघा, माणसाचं डोकं कुठे कुठे जातं. आठव्या दिवशीही मी पिशवी उचलली आणि घरी आले.

तुमच्या यादीत चिम आहे, ढुम आहे, कू आहे. रुरू नाही. तुम्ही विसरलात, की मुद्दाम लिहिला नाहीत?

तुमचं काही चुकलं असं म्हणत नाही. पण सांगा.

बारक्याची बायको


६ मे

महोदय,

तीन आठवडे झाले. कागद पोचला का? तो एकच आहे, त्याची दुसरी प्रत नाही. फाटला असेल तरी चालेल, परत पाठवा.

आज सव्वीस पूर्ण झाली असती. लॉंड्रीला सुट्टी घेतली आणि मग घरात करायला काही नव्हतं म्हणून दुपारी कामावर गेले.

तब्येत बरी आहे ना तुमची? एकटे राहता ना?


११ मे

प्रिय भावजयीस,

कागद सुरक्षित आहे. सोबत परत पाठवीत आहे. घडीवर मागून पातळ कागदाची पट्टी लावली आहे. आता फाटणार नाही. प्रकृती ठीक आहे. होय, एकटाच राहतो.

उशीर का झाला, ते क्रमाने लिहितो. क्रम सोडला, तर मला हे पत्र पुरे करता येणार नाही.

आपण पाठवलेला कागद मी प्रथम नुसता वाचला. गाणे म्हणून वाचला नाही; वाचक वाचतो तसा, चिन्हे ओळखत वाचला. त्याचे अक्षर मुळीच बदललेले नव्हते. त्यावर असे लिहिले आहे:

ढुम
चिमढुम ढुम
चिम चिम ढुम
झाय
चिम ढुम
कू
लाला रुरू लीली ढुम

थट्टा करणारा माणूस आवाज कसेही फेकतो. त्यात यमक साधतो, गंमत साधतो. येथे तसे नव्हते. पूर्णविराम जेथे हवा, तेथेच होता. परिच्छेद पाडला होता. हे शब्द काढून घेतलेले एक पान होते, आणि उरली होती फक्त चिन्हे. प्रश्न एवढाच, की पान कोणते.

ते शोधण्यास मला दोन दिवस लागले. आम्ही दोघांनी वाचलेल्या पुस्तकांची पाने उलटली. एकही जुळेना. तिसऱ्या दिवशी मी एकतीस वर्षांपूर्वीच्या नकलांचा गठ्ठा काढला. छापखाना सोडून गेल्यावर मी त्याला लिहिलेल्या त्या पत्राची नक्कल त्यात आहे. मायना व सही वगळता ते पत्र पुढीलप्रमाणे आहे. आपल्याला ते वाचायला देताना मला लाज वाटते. तरी मूळ प्रत लपवणे हा आमच्या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा आहे.

“तुझे पत्र मिळाले. गाणी लिहिणे हे काम नव्हे; ती चैन आहे. तू छापखाना सोडलास, घर सोडलेस, आता माझाही नाद सोड.

ज्याला अर्थ नाही, त्याला माझ्याकडे जागा नाही. समजलास? यापुढे मला ‘दादा’ म्हणू नये.”

मी नक्कल डावीकडे ठेवली, त्याचा कागद उजवीकडे ठेवला, आणि बोट ठेवून एकेक चिन्ह जुळवत गेलो. तेराच्या तेरा चिन्हे जुळली, त्याच क्रमाने. ‘काम नव्हे’ यापुढचा अर्धविरामसुद्धा. त्याने माझ्या पत्रातला प्रत्येक शब्द काढून टाकला होता, आणि जेथे जेथे मी श्वास घेण्यास थांबलो होतो, तेवढ्याच जागा ठेवल्या होत्या. साऱ्या पत्रात एकाच ठिकाणी एका शब्दाची जागा त्याने रिकामी सोडलेली नाही. अवतरणचिन्हांच्या आत, जेथे मी ‘दादा’ लिहिले होते, तेथे त्याने रुरू लिहिले आहे.

आपण विचारलेत, रुरू विसरलो, की मुद्दाम लिहिला नाही. विसरलो नव्हतो. तो शब्द माझ्या यादीत येण्याचे कारण नव्हते, कारण रुरू हे विरामचिन्ह नव्हे. कधी कधी लेखक हस्तलिखितात एखादा शब्द खोडतो, आणि मग त्याला पश्चात्ताप होतो. पुन्हा तोच शब्द लिहिण्याऐवजी तो खोडलेल्या शब्दाखाली बारीक टिंबे देतो व समासात ‘राहू द्या’ असे लिहितो. वाचताना असा शब्द आला, की जुळाऱ्याने तो गाळलेला नाही ना, हे मी पाहावे म्हणून बारक्या आधी ‘रुरू’ म्हणे आणि मग तो शब्द वाचे. वर्षातून पाच-सहा वेळा हा प्रसंग येई. त्याला ती खूण फार आवडे. तो म्हणे, “दादा, या धंद्यात एवढी एकच खूण माणसासारखी वागते.”

मी खोडलेल्या शब्दाखाली त्याने टिंबे दिली होती. ती त्याने मला टपालाने पाठवली नाहीत. साऱ्या जगाच्या तोंडी दिली, म्हणजे कोठून ना कोठून माझ्या कानी पडतील. आणि मी खिडकी लावून घेत राहिलो. रस्त्यावरची मुले तीस वर्षे मला माझ्या भावाचे उत्तर वाचून दाखवत होती.

आजवर निरर्थक गाण्यात अर्थ शोधणाऱ्यांना मी मूर्ख समजत आलो. आज मीही त्यांच्याच रांगेत उभा आहे. तेव्हा मोजणीदाराला जो प्रश्न विचारला असता, तो स्वतःलाही विचारला: हे जुळणे योगायोगाचे असेल काय? त्रेचाळीस वर्षांच्या अनुभवावर सांगतो, नाही. दोनशे बारा पत्रांच्या खोक्यात आता माझेही हे पत्र ठेवावे. घड्याळजीचे पत्र त्याच्या शेजारी ठेवल्यास मला आवडेल. दोन अर्थ एकाच वेळी बरोबर असू शकत नाहीत, असे मी जे म्हटले होते, ते मागे घेतो. त्याची पत्नी त्या जागेत उभी आहे, यात मला आता कोणतीही चूक दिसत नाही.

दवाखान्यातल्या आठ दिवसांविषयी मी शपथेवर काही सांगू शकत नाही. डॉक्टरांचे म्हणणे खरे असू शकते. त्या शब्दाचा आमच्या खोलीत काय अर्थ होता, एवढेच मी सांगू शकतो, आणि ते सांगितले आहे. नर्स पडदा ओढत असताना व आपण पिशवी उचलत असताना तो आपल्याकडे पाहून काय म्हणत होता, हे आता माझ्याकडून ऐकण्याची आपल्याला गरज उरली नसावी. त्यावर माझा हक्क नाही. माझ्या वाट्याचे त्याने गाण्यात ठेवले होते.

मग बाकीचे दिवस कशात गेले, असे आपण विचाराल. मी त्याच्या कागदाचे वाचन करण्याचा प्रयत्न करीत होतो. मोठ्याने ‘ढुम’ म्हणतो आणि थांबतो. वाचकाने थांबायचे असते. समोरून हं यावा लागतो, मग पुढे जायचे. समोर कोणी नसते. आणि मग ध्यानात येते, की मी चुकीच्या खुर्चीत बसलो आहे. वाचणारा मी नव्हेच.

ती जागा कोणाला दिली होती, ते आपल्या अकॉर्डियनवाल्याला कळले नाही, मला कळले. माझ्याकडे रेकॉर्ड वाजवण्याचे यंत्र नाही. आपल्याकडे असल्यास, व आपली हरकत नसल्यास, येत्या रविवारी सकाळी मी तिकडे येऊ इच्छितो. आपण रेकॉर्ड लावावी. प्रत्येक ओळीनंतर मला थोडे बोलावयाचे आहे. एका अक्षरापेक्षा अधिक नाही.

आपला,
भाऊजी

सोबत: १. गाण्याचा कागद. २. आपले २ मार्चचे पत्र. त्यातील सतरा दुरुस्त्यांपैकी सोळा कायम आहेत. मायन्यातल्या खोडलेल्या शब्दाखाली टिंबे दिली आहेत.